ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक नळ्या : निवड व निगा

नांगर वर उचलणे, पलटी नांगराची फाळ फिरवणे, डंपिंग ट्रॉली उपडी करणे, लोडरने शेणखत भरणे ही सर्व कामे आजचा ट्रॅक्टर तेलाच्या दाबावर करीत असतो. दाब निर्माण करणारा पंप बिडाचा असतो व त्या दाबाने हलणारा जॅक पोलादी असतो. परंतु या दोहोंना जोडणारा दुवा मात्र बहुधा रबरी नळीचा असतो. यंत्राचे भाग एकमेकांच्या मानाने हलते असल्यामुळे तेथे लोखंडी नळी चालत नाही. सगळ्या साखळीतील नाजूक कडी ती हीच. लक्षावधी रुपयांचे यंत्र हातभर नळीपायी ऐन हंगामात बांधावर उभे राहते, हा अनुभव पुष्कळ शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. नुकसान केवळ वेळेचे असते तर त्याविषयी इतके सांगण्याचे कारण नव्हते. उचललेल्या ट्रॉलीखाली माणूस असताना नळी फुटणे, अगर नळीच्या सुईएवढ्या छिद्रातून निघालेले तेल हातात शिरणे, या गोष्टी जिवावर किंवा हातावर बेततात. म्हणून नळी विकत घेताना, बसवताना व वापरताना काय पाहावयाचे, याची माहिती ट्रॅक्टरधारकास व चालकास असणे अगत्याचे आहे.

दाब म्हणजे किती?

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सांगितलेला नियम या सर्व यंत्रणेच्या मुळाशी आहे. जोसेफ ब्रामा याने इंग्लंडमध्ये १७९५ साली याच तत्त्वावरील दाबयंत्राचे पेटंट घेतले. शेतीच्या ट्रॅक्टरवर हे तत्त्व खऱ्या अर्थाने रुजवले ते हॅरी फर्ग्युसन याने. त्याची तीन सांध्यांची जोडणी व तेलाच्या दाबावर चालणारी उचल असलेला ट्रॅक्टर १९३६ मध्ये बाजारात आला. १९३९ पासून फोर्डच्या कारखान्यात तसे ट्रॅक्टर मोठ्या संख्येने तयार होऊ लागले. आज आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांची उचल त्याच घराण्यातील आहे.

या यंत्रणेतील दाबाची कल्पना येण्यासाठी घरच्याच वस्तूंशी तुलना करून पाहावी. ठिबकच्या तोटीशी पाण्याचा दाब सुमारे १ किलो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १ किलोग्रॅम, असतो. शेतात पुरलेला पीव्हीसी पाइप सामान्यतः ४ अगर ६ किलो दाबाचा घेतात. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये हाच दाब दीडशे ते दोनशे किलोपर्यंत चढतो. १० सेंटिमीटर व्यासाच्या जॅकमधील दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर भरते. त्यावर १५० किलो दाब आला की पावणेबारा टनांच्या आसपास जोर निर्माण होतो. ट्रॉली मातीसकट उचलली जाते ती याच जोरावर, आणि नळीला आतून फाडू पाहणारा जोरही तोच. पाण्याच्या नळीचा तुकडा तात्पुरता बसवून काम भागवण्याचा विचार कोणी करीत असेल, तर त्याने हे आकडे एकदा डोळ्यांखालून घालावेत.

त्याहून एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. दाबमापकावर दिसणारा दाब हा स्थिर दाब होय. नांगर वर उचलून खाचखळग्यांच्या गाडीवाटेने ट्रॅक्टर वेगात नेला, म्हणजे लोंबकळणारे वजन प्रत्येक धक्क्याला जॅकमधील तेलावर आदळते व दाब क्षणभर पुष्कळ वर जातो. दाब मर्यादित ठेवणारी झडप उघडण्यापूर्वीच हा तडाखा नळीला बसून गेलेला असतो. नळ्या शेतापेक्षा रस्त्यावर अधिक फुटतात, असे मिस्त्री लोक म्हणतात त्याचे मर्म हे आहे.

नळीची घडण

हायड्रॉलिक नळी वरून साधी काळी रबरी दिसली तरी तिचे तीन थर असतात. आतला थर तेलाला दाद न देणाऱ्या कृत्रिम रबराचा, बहुधा नायट्राइल रबराचा, असतो. मधल्या थरात उच्च ताकदीच्या पोलादी तारांची वीण असते व दाब सोसण्याचे काम वस्तुतः ही वीणच करते. बाहेरचा थर ऊन, पाऊस, चिखल व घर्षण यांपासून तारेचे रक्षण करतो. बाहेरचे रबर ही केवळ शोभा नव्हे. ते चिरले की पाणी तारेपर्यंत पोहोचते, तार गंजते, आणि गंजलेली वीण एके दिवशी पूर्वसूचना न देता तुटते. खताच्या ट्रॉलीवरील नळीची विशेष काळजी घ्यावयास हवी, कारण रासायनिक खताचा अंश व ओल एकत्र आल्यावर गंज झपाट्याने धरतो.

तारेची एक वीण असलेल्या व दोन विणी असलेल्या नळ्या आपल्या बाजारात सर्रास मिळतात. अमेरिकन मानकानुसार त्यांना अनुक्रमे ‘आर १’ व ‘आर २’ म्हणतात, तर युरोपीय मानकानुसार ‘१ एसएन’ व ‘२ एसएन’. याहून मोठ्या दाबासाठी चार थर गुंडाळलेल्या तारेच्या नळ्या असतात. त्यांची गरज माती उपसणाऱ्या अवजड यंत्रांना लागते, साध्या ट्रॅक्टरला सहसा लागत नाही. टाकीतून पंपाकडे तेल ओढणाऱ्या नळीचा प्रकार मात्र निराळाच असतो. तेथे आत दाब नसून ओढ असते आणि ओढीने नळी चपटी होण्याचा संभव असतो. सबब तिच्या भिंतीत मळसूत्री तार घातलेली असते (‘आर ४’). दाबाची उत्तम नळी ओढीच्या जागी बसवली म्हणजे अधिक चांगले, असा समज काही ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. पंपाला तेल अपुरे पडले की तो कुरकुरू लागतो व थोड्याच दिवसांत झिजतो.

नळीच्या अंगावरील मजकूर

चांगल्या नळीच्या अंगावर लांबीभर एक ओळ छापलेली असते. तीत बनवणाऱ्याचे नाव, मानक, आतील व्यास, कामाचा दाब व निर्मितीची तिमाही अगर महिना व वर्ष दिलेले असते. व्यास पुष्कळदा इंचाच्या सोळाव्या भागात सांगतात. उदाहरणार्थ, ‘८’ म्हणजे आठ सोळांश, अर्थात अर्धा इंच, आणि ‘६’ म्हणजे तीन अष्टमांश इंच. ज्या नळीवर अशी ओळ नाही, अगर असून वाचता येत नाही, ती दुकानदाराने कितीही स्वस्त देऊ केली तरी घेऊ नये. नळी वरून पाहून तिच्यात तार एकपदरी आहे की दोनपदरी, हे कोणालाच सांगता येत नाही.

युरोपीय मानकातील काही दाब येथे देण्यासारखे आहेत. अर्धा इंची १ एसएन नळी १६० बारपर्यंत व त्याच व्यासाची २ एसएन नळी २७५ बारपर्यंत चालते. तीन अष्टमांश इंचाच्या नळ्यांसाठी हेच आकडे १८० व ३३० आहेत, आणि पाऊण इंचासाठी १०५ व २१५. (१ बार म्हणजे जवळजवळ १ किलो अगर साडेचौदा पौंड.) अमेरिकन मानकातील आकडे सामान्यतः याहून काहीसे कमी असतात. या आकड्यांवरून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली, नळी जितकी जाड तितकी तिची दाब सोसण्याची ताकद कमी. म्हणून ‘जाड नळी म्हणजे भक्कम नळी’ हा हिशेब येथे उलटा पडतो. दुसरी, ज्या ट्रॅक्टरचा दाब १८० बारच्या आसपास आहे त्यावर अर्धा इंची एकपदरी नळी चालवणे म्हणजे तिच्या मर्यादेबाहेर काम घेणे होय. तेथे दोनपदरीच हवी. दोहोंच्या किमतीतील फरक एका दिवसाच्या खोळंब्याच्या मानाने नगण्य असतो.

नळी फुटण्याचा दाब हा कामाच्या दाबाच्या चौपट असावा, असा मानकाचा दंडक आहे. अर्धा इंची २ एसएन नळी ११०० बारला फुटावयास हवी, त्याखाली नव्हे. ही चौपट म्हणजे वापरण्यासाठी ठेवलेली शिल्लक नव्हे. ती धक्के, झीज, उष्णता व वय यांच्यासाठी राखून ठेवलेली असते, आणि नळी कामास लागल्या दिवसापासून खर्च होऊ लागते.

व्यास कसा ठरवावा

जुनी नळी ज्या व्यासाची होती त्याच व्यासाची नवी घ्यावी, हा सोपा नियम बहुतेक वेळा पुरतो. परंतु नवे अवजार जोडताना अगर पूर्वी कोणी चुकीची नळी बसवली असताना थोडा हिशेब करावा लागतो. दाबाच्या नळीत तेलाचा वेग सेकंदाला सुमारे ३ ते ६ मीटर, परतीच्या नळीत दीड ते ३ मीटर व ओढीच्या नळीत सुमारे १ मीटर असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. वेग काढण्याची रीत अशी : दर मिनिटास वाहणाऱ्या तेलाचे लिटर घ्यावेत, त्यांना २१.२ ने गुणावे आणि नळीच्या आतील व्यासाच्या (मिलिमीटरमध्ये) वर्गाने भागावे.

समजा, पंप मिनिटाला ४० लिटर तेल देतो. अर्धा इंची, म्हणजे १२.७ मिलिमीटर व्यासाच्या, नळीतून ते सेकंदाला ५.३ मीटर वेगाने जाईल. हे ठीक आहे. तीन अष्टमांश इंची नळी बसवली तर वेग ९.४ मीटरवर जातो. अशा नळीतून काम होते खरे, पण तेल तापते, उचल मंदावते व इंजिनाची शक्ती उष्णतेत वाया जाते. परतीसाठी पाऊण इंची नळी घेतल्यास वेग २.३ मीटर येतो व तो मर्यादेत बसतो. डंपिंग ट्रॉलीच्या जॅकला बहुधा एकच नळी असते. तेल तिनेच जाते व तिनेच परत येते. रिकामी ट्रॉली खाली येण्यास फार वेळ लागत असेल तर दोष जॅकचा आहे असे मानण्यापूर्वी नळीचा व कपलरचा व्यास तपासावा.

तेल व उष्णता

सर्वसाधारण नळी १०० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तेलासाठी बनवलेली असते. त्या मर्यादेच्या जवळ सतत राहिल्यास रबर कडक होऊन चिरते. तापमान दर १० अंशांनी वाढले की रबराचे आयुष्य निम्म्यावर येते, असा एक ढोबळ आडाखा आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या वैशाखात हवाच ४२-४५ अंशांवर असते, तेव्हा तेलाची पातळी कमी असणे किंवा तेल थंड करणाऱ्या जाळीवर भुसा साचणे या बारीक गोष्टींनी मोठा फरक पडतो. सायलेन्सरजवळून नळी जात असेल तर ती दूर बांधावी अगर तिच्यावर उष्णतारोधक वेष्टण चढवावे.

तेल ट्रॅक्टर-पुस्तिकेत सांगितलेलेच घालावे. ब्रेकचे तेल अडीअडचणीला हायड्रॉलिकमध्ये ओतण्याचा प्रकार कधी कधी होतो. ते खनिज तेल नसून निराळ्या रसायनाचे असते. त्याने नायट्राइल रबर फुगते, सील मऊ पडतात व नळ्यांबरोबर पंपाचेही आयुष्य संपते.

टोके व त्यांची दाबणी

नळी जितक्या वेळा मधोमध फुटते, त्याहून अधिक वेळा ती टोकाशी निकामी होते. टोकावरील निपलचे आटे अनेक प्रकारचे असतात. बीएसपी, मेट्रिक व अमेरिकन जेआयसी हे तीन आपल्याकडे एकत्र नांदतात, आणि एकाच शिवारात तीन देशांच्या घडणीची यंत्रे असल्यामुळे घोटाळा होतो. तीन अष्टमांश बीएसपी आट्याचा बाहेरील व्यास १६.६६ मिलिमीटर असतो. त्याच्या शेजारी १६ मिलिमीटरचा मेट्रिक आटा ठेवला तर नजरेला दोन्ही एकच वाटतात. परंतु एकाचे आटे १.३४ मिलिमीटर अंतरावर व दुसऱ्याचे १.५ मिलिमीटर अंतरावर असतात. असा चुकीचा जोड एक-दोन फेरे बसतो, मग अडतो. मिस्त्री लांब पाना लावून तो घट्ट करतो, गळती थांबल्यासारखी वाटते, आणि दाब आल्यावर सर्व आटे एकदम सुटतात. हाताने तीन-चार फेरे सहज न बसणारा जोड पान्याने बसवू नये. शिवाय निपलचा शंकू कोणत्या कोनाचा आहे तेही जुळावयास हवे. आटे जुळले पण शंकू जुळला नाही तर गळती कधीच बंद होत नाही, आणि तेथे धाग्याचे अगर टेफलॉनच्या पट्टीचे कितीही वेढे दिले तरी उपयोग होत नाही. तेथे सांधा आट्यांनी नव्हे, तर शंकूने अगर ओ-रिंगने बंद होत असतो.

साखर कारखान्यांच्या व बाजारपेठेच्या गावांतून आता नळीची टोके दाबून देणारी दुकाने झाली आहेत. ही मोठी सोय आहे. परंतु दुकानात यंत्र आहे एवढ्याने दाबणी चांगली होते असे नाही. शेतकऱ्याने तेथे उभे राहून पाच गोष्टी पाहाव्यात. नळी काटकोनात कापली काय? कापताना आत गेलेला रबराचा व तारेचा चुरा हवेने किंवा स्पंजचा गोळा मारून काढला काय? निपल खुणेपर्यंत पूर्ण आत बसले काय? बनवणाऱ्याच्या तक्त्यात दिलेल्या व्यासापर्यंत टोपण दाबून तो व्यास कॅलिपरने मोजला काय? नळी व निपल एकमेकांस योग्य अशा मालिकेतील आहेत काय? यांपैकी चुरा काढण्याचे काम सर्वांत अधिक टाळले जाते. तो चुरा पहिल्याच दिवशी तेलाबरोबर झडपेत जातो. पुष्कळ ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचे व गिअरपेटीचे तेल एकच असल्याने पुढे त्याची वाटचाल कोठवर होईल हे सांगता येत नाही. जुन्या नळीचे दाबलेले निपल काढून नव्या नळीवर पुन्हा दाबून घेण्याची काटकसर मुळीच करू नये.

दाबून झाल्यावर टोपणाच्या काठाशी नळीवर रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. काही दिवसांनी रेघ व टोपण यांत अंतर दिसले तर नळी सुटत आली आहे असे समजावे व ती त्याच दिवशी काढावी.

बसवण्याची रीत

दाब आल्यावर नळीची लांबी बदलते. ती शेकडा ४ पर्यंत आखडते अगर शेकडा २ पर्यंत वाढते. म्हणून दोन टोकांमध्ये ताणून बसवलेली नळी दाबणीतून उपटली जाते. थोडी ढिलाई ठेवावी. अवजार पूर्ण वर, पूर्ण खाली व ट्रॅक्टर पूर्ण वळलेला अशा तिन्ही स्थितींत नळी ताणली किंवा जमिनीला घासत तर नाही ना, हे इंजिन सावकाश चालवून पाहावे. मात्र ढिलाई इतकीही नको की नळी चाकाखाली अगर रोटाव्हेटरच्या दांड्यात सापडेल.

वळण फार आवळ नसावे. अर्धा इंची नळीला किमान १८० मिलिमीटर त्रिज्येचे व तीन अष्टमांश इंचीला १३० मिलिमीटर त्रिज्येचे वळण हवे. म्हणजे अर्धा इंची नळीचा वेढा वीतभर रुंद न राहता चांगला दीड वीत रुंद दिसला पाहिजे. टोपणाला लागूनच नळी वळवू नये. तेथे थोडा भाग सरळ जाऊ द्यावा, अगर जागा नसल्यास काटकोनी निपल घ्यावे.

नळीला पीळ पडणे हे तिच्या अकाली नाशाचे मुख्य कारण आहे. पीळ पडलेल्या विणीतील तारा असमान ताणल्या जातात. शिवाय दाब आला की नळी उलगडू पाहते व नट सैल करते. अंगावर छापलेली ओळ येथे ओळंब्यासारखी उपयोगी पडते. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ दिसली तर पीळ नाही, वेलीसारखी फिरलेली दिसली तर आहे. नट आवळताना दुसऱ्या पान्याने निपल धरून ठेवले म्हणजे पीळ पडत नाही.

नळी लोखंडाच्या कडेला घासत असेल तर क्लॅम्प बसवावा. नायलॉनच्या सुतळीने किंवा तारेने करकचून बांधणे बरे नव्हे. दाबाच्या प्रत्येक ठोक्याला नळी किंचित हलते व तार हळूहळू तिच्यात रुतत जाते.

गळती शोधताना

येथे मात्र थोडे थांबून सांगावयास हवे. नळीला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले की त्यातून तेलाची बारीक धार अतिशय वेगाने निघते. पुष्कळदा ती डोळ्यांना दिसतही नाही, नुसते धुके दिसते. चालक सवयीने नळीवरून हात फिरवून गळती चाचपतो. ती धार कातडी भेदून बोटात किंवा तळहातात शिरते. त्यासाठी ट्रॅक्टरच्या पूर्ण दाबाचीही आवश्यकता नसते. जखम पाहावी तर काटा टोचल्याएवढी. रक्त नाही, सुरुवातीस दुखणेही फारसे नाही. चालक फडक्याने हात पुसतो व कामास लागतो. आत मात्र तेल स्नायूंच्या व शिरांच्या कडेने मनगटाकडे पसरत असते. काही तासांत हात सुजतो, ठणका लागतो, रक्तपुरवठा बंद पडू लागतो. उपचारास उशीर झाला तर बोट अगर हात कापावा लागण्याची वेळ येते.

अशा प्रसंगी हळद, चुना, शेक, चोळणे यांपैकी काहीही करू नये. जखम पिळून तेल काढण्याचा प्रयत्नही करू नये. ठणका लागण्याची वाट न पाहता पहिल्या काही तासांतच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. तेथे ‘दाबाखालील तेल हातात शिरले आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. केवळ ‘तेल लागले’ अगर ‘काही तरी टोचले’ असे सांगितल्यास धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन माणूस घरी परत येतो व मोलाचा वेळ जातो. शक्य असल्यास तेलाच्या डब्यावरील नाव लिहून न्यावे. चालक रोजंदारीवर असेल तर मालकाने त्याला स्वतः रुग्णालयात पोहोचवावे. एवढ्याशा जखमेसाठी काम सोडण्यास गरीब माणूस सहसा तयार होत नाही.

गळती शोधण्याची योग्य रीत साधी आहे. जाड पुठ्ठा अगर फळीचा तुकडा लांबून धरून नळीच्या कडेने फिरवावा. जेथे तेलाचा डाग उमटेल तेथे छिद्र असते. डोळ्यांवर चष्मा असावा. जागा सापडली की अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे, दांडा दोन्ही बाजूंना दोन-चार वेळा हलवून कोंडलेला दाब सोडावा, आणि मगच नटाला पाना लावावा. दाब असताना नट ‘थोडासाच’ आवळणे हेही तितकेच धोक्याचे. फुटलेल्या नळीवर रबराची पट्टी, तार अगर क्लिप आवळून काम रेटणे तर पूर्णपणे वर्ज्य मानावे.

उचललेली ट्रॉली

डंपिंग ट्रॉली वर असताना तिचे सर्व वजन तेलाच्या एका स्तंभावर उभे असते. नळी फुटली, कपलर सुटला, अगर लहान मुलाने दांडा ओढला, की ती कोसळते. तिच्याखाली ग्रीस भरावयास, मागील फाळका सोडवावयास किंवा चिकटलेली माती खरवडावयास शिरण्यापूर्वी ट्रॉलीच्या साट्यास भक्कम लोखंडी टेकू लावावा. लाकडी ओंडका किंवा दगड टेकू म्हणून चालत नाही, तो निसटतो. नवी ट्रॉली बांधून घेताना टेकू तिच्यातच बिजागरीवर बसवून घ्यावा, म्हणजे तो शोधत बसावे लागत नाही. जॅकच्या तोंडाशी बसवण्याची एक छोटी झडपही मिळते. नळी फुटून तेल एकाएकी जोरात परतू लागले की ती आपोआप बंद होते व ट्रॉली जागच्या जागी राहते. ट्रॉली बनवणारे ती मागितल्याशिवाय बसवीत नाहीत. म्हणून मागावी.

कपलर व धूळ

अवजार सोडल्यावर नळीचे टोक जमिनीवर टाकून देण्याची सवय सर्वत्र आहे. दुसऱ्या दिवशी तेच टोक ट्रॅक्टरला जोडले जाते व त्यावरील माती तेलात जाते. कपलरच्या दोन्ही अंगांना टोप्या लावाव्यात. टोपी हरवली असल्यास स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी बांधली तरी चालते. जोडण्यापूर्वी दोन्ही टोके स्वच्छ फडक्याने पुसावीत. सुताचे धागे सुटणारी चिंधी त्यासाठी वापरू नये.

उन्हात उभ्या असलेल्या अवजाराचा कपलर पुष्कळदा बसतच नाही. नळीत कोंडलेले तेल तापून प्रसरण पावलेले असते व आतील गोळी मागे सरत नाही. तेथे हातोडीने ठोकणे सुरू होते, आणि गोळी, तिची बैठक व कपलर तिन्ही खराब होतात. सोडतेवेळी दांडा हलवून दाब काढून टाकला तर हा प्रश्न बहुधा उद्भवत नाही. उद्भवलाच तर अवजार थंड होऊ द्यावे.

हंगामापूर्वीची तपासणी

दसऱ्याला ट्रॅक्टर धुऊन त्याची पूजा करण्याची चाल गावोगाव आहे. गाळप हंगाम त्यानंतर लवकरच सुरू होतो. धुतलेल्या ट्रॅक्टरवर दोष चटकन दिसतात. त्याच दिवशी अर्धा तास नळ्यांसाठी काढावा. बाहेरच्या थराला चिरा, फुगवटा, तार उघडी पडलेली जागा, टोपणाशी ओल, चपटा झालेला भाग, हाताला कडक लागणारे रबर यांपैकी एकही खूण दिसली तर ती नळी बदलावी. फुगवटा म्हणजे आतला थर फाटून तेल बाहेरच्या थराखाली आल्याची खूण होय. अशी नळी एक दिवसही ठेवू नये.

ऊस तोडणी यंत्रावर ही तपासणी रोज व्हावयास हवी. त्या यंत्रावर नळ्यांचे जाळेच असते, आजूबाजूस वाळलेले पाचट उडत असते व इंजिन तापलेले असते. फुटलेल्या नळीतील तेलाचे तुषार तापलेल्या सायलेन्सरवर पडले तर क्षणात आग लागते व पाचटामुळे ती उभ्या उसात जाते. दर पाळीला इंजिनाभोवतीचे पाचट झाडून काढावे आणि अग्निशामक नळकांडे चालकाच्या हाताशी, भरलेल्या स्थितीत ठेवावे.

साठवण व वय

रबर न वापरताही जुने होते. जर्मनीत असा दंडक रूढ आहे की, टोके दाबलेली नळी साठवणीसह सहा वर्षांहून अधिक वापरू नये व त्यांपैकी साठवणीचा काळ दोन वर्षांहून अधिक नसावा. आपल्याकडील ऊन व धूळ लक्षात घेता हा काळ वाढवण्यास आधार नाही. कमी करण्यास मात्र आहे. हंगामात धरून ठेवण्यासाठी एखादी नळी जादा घ्यावी, पण सवलतीत मिळाल्या म्हणून दहा घेऊन ठेवू नयेत. घेताना अंगावरील वर्ष पाहावे.

जादा नळी दोन्ही टोके बंद करून, सैल वेटोळे घालून, सावलीत व कोरड्या जागी ठेवावी. खिळ्याला टांगू नये, तेथे ती मोडते. खताच्या पोत्यांजवळ, बॅटरीजवळ अगर वेल्डिंगच्या यंत्राशेजारी ठेवू नये. उंदरांना रबर कुरतडण्याची खोड असते. सबब पत्र्याच्या झाकणाची पेटी बरी. पेटीत नळीबरोबर तिच्या मापाच्या चार ओ-रिंगा, दोन योग्य पाने व पुठ्ठ्याचा एक तुकडाही ठेवावा.

काढलेली जुनी नळी आतील तेल डब्यात निथळून घेऊन मधोमध कापावी. न कापता कोपऱ्यात टाकली, तर अडचणीच्या रात्री कोणीतरी ती पुसून पुन्हा बसवतो. निथळलेले तेल विहिरीच्या काठी किंवा नाल्यात ओतू नये. ते झाकणाच्या डब्यात साठवून वापरलेले तेल विकत घेणाऱ्यास द्यावे.